मधुमेही मुलांचे डोळे

मधुमेह हा उतारवयातला विकार, अशी समजूत अजूनही पुष्कळ घरांत आढळते. वस्तुतः तो शाळकरी मुलांनाही होतो. मुलांत विशेषेकरून आढळणाऱ्या प्रकारात स्वादुपिंडात इन्सुलिन तयार होईनासे होते आणि ते जन्मभर टोचून घ्यावे लागते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिन प्रथम टोचण्यात आले. त्यापूर्वी असे मूल फार काळ जगत नसे. इन्सुलिनने या मुलांना दीर्घ आयुष्य दिले. त्या आयुष्याबरोबर डोळे जपण्याची जबाबदारीही आली.

फळ्यावरचे अक्षर अंधुक दिसू लागले, की पालक चष्म्याच्या दुकानाची वाट धरतात. मधुमेही मुलाच्या बाबतीत येथे थोडा धीर धरणे बरे. रक्तातील साखर फार वाढली किंवा उपचाराने झपाट्याने उतरली, म्हणजे डोळ्यातील भिंगाचा आकार किंचित बदलतो आणि दृष्टी अंधुक होते. साखर स्थिरावली की काही आठवड्यांत ती बहुधा पूर्ववत होते व घाईने घेतलेला चष्मा वाया जातो. मात्र धीर धरावयाचा तो चष्म्यापुरता, डॉक्टरांकडे जाण्यापुरता नव्हे. अंधुक दृष्टीच्या जोडीला तहान व लघवी वाढली असेल, तर ती मधुमेहाची पहिली सूचनाही असू शकते. क्वचित लहान वयात मोतीबिंदूही होतो.

खरा धोका याहून निराळा आहे. वाढलेल्या साखरेने डोळ्याच्या आतील पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, सूक्ष्म रक्तवाहिन्या दुबळ्या होतात. त्यांना बारीक फुगवटे येतात, त्या पाझरू लागतात आणि पुढे नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटून रक्तस्राव होतो. हे घडावयास बहुधा कित्येक वर्षे लागतात. बालपणी दृष्टी जाण्याइतका विकार विरळाच. परंतु आरंभी डोळा दुखत नाही, की लाल होत नाही. मूल तक्त्यावरील शेवटची ओळही वाचून दाखविते. म्हणूनच ‘त्याला सारे नीट दिसते’ हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

अकरावे वर्ष लागले किंवा त्याआधी मूल वयात येऊ लागले, आणि मधुमेह होऊन तीन ते पाच वर्षे लोटली, की दृष्टिपटलाची पहिली तपासणी करावी. ज्या मुलांना मोठ्या माणसांत आढळणारा, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होतो, त्यांची तपासणी निदान होताच करावी. पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी किंवा दोन वर्षांनी ती होत राहावी. थेंब घालून बाहुली मोठी करतात. त्यामुळे काही तास जवळचे अंधुक दिसते व उजेड सहन होत नाही. शाळेच्या सुट्टीतला दिवस याला सोयीचा. विकार आढळलाच, तर आज लेसरचे व अन्य उपचार उपलब्ध आहेत आणि ते वेळेवर झाले तर दृष्टी वाचते.

त्याहूनही मोठा उपाय घरातच आहे. अमेरिका व कॅनडा येथील १४४१ रुग्णांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात आरंभी दृष्टिपटल निरोगी असलेल्यांपैकी ज्यांनी साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवली, त्यांच्यात हा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला.

परंतु ताबा म्हणजे धाक नव्हे. ‘गोड खाल्लेस तर आंधळा होशील’, असे ऐकणारे मूल गोड सोडीत नाही. ते साखरेचा आकडा लपवावयास शिकते. आकडा लपला की औषधाची मात्रा चुकते, आणि ज्या डोळ्यांसाठी धाक घातला त्यांचेच नुकसान होते. वाढलेला आकडाही ज्या घरात मूल निर्भयपणे सांगू शकते, त्या घरात त्याच्या डोळ्यांची निगा निम्मी झालेलीच असते.