छापा, काटा आणि स्कॅनर
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला आधीच बजावलं आहे, "नाण्यांवर बोला, पण किमती सांगू नका, नाहीतर लोक आज रात्रीच कपाटं उपसत बसतील." तेव्हा किमतींचं नाव काढत नाही. आपल्या बहुतेक घरांत देव्हाऱ्यात, दागिन्यांच्या डब्यात किंवा माळ्यावरच्या ट्रंकेत चार जुनी नाणी असतातच. ज्या मशीनवर आपण आधार कार्ड स्कॅन करतो, त्याच मशीनवर या नाण्यांची चांगली छबी कशी घ्यायची आणि ती आत्ताच का घ्यायची, एवढंच आज सांगायचं आहे.

तुम्ही म्हणाल, मोबाईल आहे की हातात! आहे. पण मोबाईलने हाताची सावली पडते, फोन जरा कलला की गोल नाणं लंबगोल होतं, आणि नाणं केवढं होतं ते फोटोवरून कळत नाही. स्कॅनर सरळ बघतो आणि मापात बघतो. १२०० डीपीआय म्हणजे एका इंचात १२०० ठिपके. पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया ३०.५ मिलिमीटरचा, तो सुमारे १४४० ठिपके रुंद येतो. मग बारीकसारीक सगळं दिसतं. १९११ च्या रुपयावर राजाच्या अंगावरच्या साखळीत एक हत्ती आहे, तांदळाच्या दाण्याएवढासुद्धा नाही. त्याची सोंड आखूड पडली, तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. स्क्रीनवर मोठं करून बघा, हत्ती समोर उभा!

आता कृती. काच मऊ कापडाने पुसा. नाणं कडेने धरून अलगद ठेवा, काचेवर सरकवू नका, ओरखडे पडतात. झाकण दाबू नका. उघडंच ठेवून वरून काळं कापड टाका, म्हणजे पार्श्वभूमी काळी येते. शेजारी शाळेतली पट्टी ठेवा. मशीनमधलं आपोआप रंग सुधारणारं सेटिंग बंद करा. छापा झाला की काटा, दोन्ही बाजू घ्या. फाईल टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे जातात.

एक गोष्ट मशीन विकत घेणाऱ्यांसाठी. हल्लीचे पातळ स्कॅनर आणि प्रिंटरबरोबर येणारे बहुतेक स्कॅनर सीआयएस पद्धतीचे असतात. काचेला टेकलेलं तेवढं स्वच्छ दिसतं, जरा वर असलं की धूसर. जुन्या जाडजूड सीसीडी स्कॅनरमध्ये भिंग असतं, त्याला खोलीही दिसते. ओळखायचं कसं? पट्टीचं एक टोक काचेवर, दुसरं थोडं उचललेलं, असं स्कॅन करा. आकडे लगेच पुसट झाले तर सीआयएस. झिजलेली, सपाट नाणी त्यावरही छान येतात. उंच नक्षीच्या नाण्याला मात्र जाडजूड मशीन बरं.

आणि खरी गंमत प्रकाशाची. स्कॅनरचा दिवा साधारणपणे एकाच बाजूने उजेड टाकत पुढे सरकतो. म्हणून नाणं एकदाच स्कॅन करू नका. पाव-पाव फेरी वळवत चारदा करा. घरात शिवराई असेल तर हा प्रयोग जरूर करा. शिवाजी महाराजांच्या या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं असतात. बऱ्याच शिवराई इतक्या झिजलेल्या असतात, की हातात धरून फक्त तांब्याचा तुकडा दिसतो. चारपैकी एखाद्या स्कॅनमध्ये उजेड नेमका आडवा पडतो आणि 'राजा' उठून दिसतो. कधी अक्षरं खोलगट भासली, तर चित्र स्क्रीनवर उलटं फिरवा, ती पुन्हा वर येतात.

काकू, एक विनंती. लक्ष्मीपूजनातले कमळाचे २० पैसे असोत की राणीचा रुपया, चिंच किंवा भांडी घासायची पावडर लावू नका. हळद-कुंकू साध्या पाण्याने जातं. वर्षानुवर्षांची काळपट झाक हे नाण्याचं वय आहे, घासलं की ते जातं आणि परत येत नाही. नव्या नाण्याची झळाळी मात्र स्कॅनरला पकडता येत नाही. तिथे खिडकीच्या उजेडात मोबाईलच बरा.

आता, हे आत्ताच का? आपण कुठून कुठून इथे आलो. कोणी गिरगाव-परळच्या चाळीतून, कोणी कोकणातून, कोणी उल्हासनगरहून. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबं उतरली आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. कराचीहून ट्रंकेतून आलेला रुपया आणि दापोलीहून आजीच्या बटव्यातून आलेला रुपया काचेवर शेजारी ठेवा. तोच राजा, तेच साल, तीच चांदी. स्कॅनरला फरक दिसत नाही. फरक फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसाला माहीत असतो.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदीने बदलापुरात काय केलं ते जुन्या सभासदांनी पाहिलं आहे. धातूला पाण्याचं भय नाही. कागद, वह्या, जुने फोटो गेले ते गेले. आणि आठवणी तर पूर न येताही जातात. पंचवीस वर्षांपूर्वी पहिल्या सर्वसाधारण सभेला बसलेल्यांपैकी किती खुर्च्या आज रिकाम्या आहेत, तुम्हीच बघा. म्हणून प्रत्येक छबीबरोबर चार ओळी लिहा: नाणं कोणाचं, कुठून आलं, कोणी का जपलं, वजन किती. आजोबांना लिहिणं जमत नसेल तर नातवाने विचारून लिहावं. चोरी झाली तर ओळख पटवायलाही हीच नोंद उपयोगी पडेल.

मात्र या छब्या अनोळखी माणसाला पाठवू नका. "जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी फी भरा" असे मेसेज येतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने चाललेल्या अशा व्यवहारांपासून सावध राहा, असं बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे.

पुढच्या रविवारपासून सकाळी दहा ते बारा मी ऑफिसात मशीनपाशी बसेन. नाणी तुमच्या हातातच राहतील, कोणाकडे ठेवायची गरज नाही. नाणं एकच असलं तरी चालेल. फक्त त्याची गोष्ट माहीत असलेलं माणूस बरोबर आणा. लिफ्ट बंद असली तर निरोप पाठवा, मशीन घेऊन मीच वर येतो.