पहिला मान हेन्रीला



स्मृतीवर भरलेल्या या परिषदेत पहिला मान एका रुग्णाचा आहे. हेन्री मोलेसन. अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा हा तरुण अपस्माराच्या झटक्यांनी बेजार झाला होता. १९५३ साली, वयाच्या २७व्या वर्षी, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. झटके कमी झाले. बुद्धी शाबूत राहिली, बोलणेही नीट राहिले. पण नवा प्रसंग लक्षात ठेवणे कायमचे गेले. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्याला वर्षानुवर्षे भेटत राहिल्या आणि दर खेपेस त्याच्या लेखी त्या अनोळखीच होत्या.

मिल्नरबाईंनी एकदा त्याच्यापुढे दुहेरी रेषेची चांदणी ठेवली. स्वतःचा हात थेट दिसू द्यायचा नाही, फक्त आरशात पाहून दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. आधी पेन्सिल सारखी भरकटली. तिसऱ्या दिवशी तोच हात सफाईने फिरू लागला, आणि हेन्रीला तर हे आपण पूर्वी केल्याचे आठवतही नव्हते! हाताचे कसब आणि मनातला प्रसंग मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी जपले जातात, हे त्या कागदावर दिसले.

त्याला बालपणातले बरेच काही आठवत असे. म्हणजे हिप्पोकॅम्पस हे साऱ्या आठवणींचे कोठार नव्हे. चेहरा, आवाज, वास यांच्या खुणा मेंदूत ठिकठिकाणी असतात. हे कुठे, केव्हा, कोणाबरोबर घडले याची सांगड हिप्पोकॅम्पस घालतो.

त्यातले ‘कुठे’ लंडनमध्ये उलगडले. उंदीर एका ठरावीक जागी आला की त्याच्या हिप्पोकॅम्पसमधली ठरावीक पेशी जागी होते, हे जॉन ओकीफ यांनी १९७१ साली दाखवले. २०१४च्या नोबेलचे ते एक मानकरी. पुढे १९९४ साली आणखी एक गोष्ट कळली: दिवसा वाटेवर एकत्र जागलेल्या पेशी उंदराच्या झोपेतही पुन्हा एकत्र जागतात. परीक्षेआधी रात्र रात्र जागणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

अल्झायमरचा घाव हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागावर फार लवकर पडतो. म्हणून स्वतःच्या लग्नातल्या पंगती खडान्‌खडा सांगणारे आजोबा सकाळचा चहा झाला की नाही ते विसरतात, ओळखीच्या गल्लीत चुकतात. ‘आत्ताच तर सांगितलं!’ म्हणून त्यांना दटावणे अन्यायाचे आहे. त्यांच्या हातात ते उरलेलेच नसते.

अशा घरांतून आलेल्यांचे प्रश्न पहिल्याच सत्रात घ्यावेत, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे. अध्यक्ष महोदयांनी आता सभेची सूत्रे हाती घ्यावीत.