शपथ आणि औषध



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी दारूचा विषय कशाला, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर दिसतो आहे. त्याला कारण आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे.

पंधरा वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका मुलाचे वडील फी भरावयास झिंगत आले. शिवणकामात हात मोठा सफाईदार; पण दारूने घर धुऊन नेलेले. आम्ही त्यांना मुलादेखत चार शब्द सुनावले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यावयास लावली. आम्हां मुसलमानांत मद्य निषिद्धच. पिणारा तो पापी, एवढेच आम्हांस ठाऊक. गृहस्थांनी शपथ पाळली. तिसऱ्या दिवशी हात लटलट कापू लागले, भिंतीवर किडे दिसू लागले. आम्ही म्हटले, सोंग आहे. चौथ्या दिवशी ते पुन्हा प्याले, आणि आम्ही त्यांच्याशी बोलणे टाकले.

वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर कंप, भ्रम, झटके येऊ शकतात, प्रसंगी प्राणही जातो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते, हे आम्ही पुढे वाचले. बी. एड्.च्या पुस्तकांत ते नव्हते!

त्याच वाचनात मार्टी मान ह्या अमेरिकन बाईंची ओळख झाली. जन्म १९०४ चा, शिकागोच्या सधन घरातला. किशोरवयात क्षय झाला, त्यातून उठल्या. पुढे दारूने गाठले. १९३९ साली त्या कनेटिकटमधील एका आरोग्यधामात होत्या. तेथील मनोविकारतज्ज्ञांनी ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ह्या मंडळाच्या, तेव्हा अजून छापावयाच्या असलेल्या, पुस्तकाची प्रत त्यांच्या हाती ठेवली. आरंभी त्यांना ती मुळीच रुचली नाही. तरी पुढे ब्रुकलीनला बिल विल्सन यांच्या घरच्या बैठकीस त्या गेल्या, आणि तेथे आपल्यासारखीच माणसे भेटली.

१९४४ च्या ऑक्टोबरात त्यांनी न्यूयॉर्कला लोकशिक्षणाची एक समिती काढली. येल विद्यापीठातील संशोधक पाठीशी होते. सांगणे थोडके होते : मद्यासक्ती हा रोग आहे, रोगी मदतीस पात्र आहे आणि तो बराही होऊ शकतो, आणि ही जबाबदारी साऱ्या समाजाची आहे. नमुना घेतला तो क्षयनिवारणाच्या चळवळीचा. क्षयाच्या रोग्याला ‘खोकू नकोस’ अशी शपथ कोणी घालत नाही! त्या काळी एका स्त्रीने ‘मी मद्यासक्त आहे’ असे नाव सांगून भरसभेत म्हणणे, ही आम्हांस त्यांच्या कार्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. १९५६ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेने हा आजार म्हणून मान्य केला. १९७० साली तेथे उपचारांसाठी कायदा झाला. बाई १९८० मध्ये वारल्या.

आजार म्हटले की माणूस जबाबदारीतून सुटला, असे मात्र नव्हे. मधुमेही औषध स्वतःच घेतो ना?

आपल्या बेळगावाहून पुणे एका रात्रीच्या प्रवासावर. तेथे १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. विश्वस्तांस आमची विनंती एवढीच, की वैद्यकीय साहाय्याच्या अर्जांत असा रोगी आला तर तो बाजूस सारू नये. रोग्यासोबत जाणाऱ्याचे गाडीभाडेही द्यावे.

तो मुलगा आता वडिलांच्याच यंत्रावर बसतो. आमची शेरवानी त्यानेच शिवली आहे. माप घेताना वडिलांचा विषय तो काढीत नाही. आम्हांसही अजून काढता आलेला नाही.