मागच्या चाकाचा ब्रेक : ड्रम की डिस्क?

(शेतकऱ्यांच्या जिल्हा बैठकीत, राई, मीरा-भाईंदर येथील एका वाहन-दुरुस्ती कारागिराने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत राईचा मेकॅनिक काय सांगणार, असे तुमच्या मनात आले असेल. प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे कपाशी नाही. आमच्याकडे खाडी आहे, मिठागरे आहेत आणि रस्त्याच्या टोकाला उत्तनची मासळी आहे. पण मासळीचा टेम्पो असो नाहीतर कापसाची पिकअप, खाली चाके तीच आणि चाकातले ब्रेक तेच. माल वेळेवर पोचला पाहिजे आणि मालाबरोबरचा माणूस घरी परत आला पाहिजे, ही गरजही तीच.

अलीकडे गावोगाव एक प्रश्न विचारला जातो. "पुढे डिस्क आणि मागे ड्रम, असे का? कंपनी आम्हाला जुना माल खपवते काय? शहरातल्या महागड्या गाड्यांना चारही चाकांना डिस्क आणि शेतकऱ्याच्या गाडीला ड्रम?" संशय येणे साहजिक आहे. शेतकऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले येते हा आपला जुना अनुभव. पण संशयाने निदान होत नाही. निदान करायचे तर चाक उघडून बघावे लागते. आज आपण ते उघडू.

दोन्हींचे काम कसे चालते

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी भांडे. त्याच्या आत दोन चंद्रकोरी शू असतात, त्यांवर लायनर असते. पेडल दाबले की शू बाहेर ढकलले जातात आणि भांड्याला आतून घासतात. डिस्क म्हणजे उघडी लोखंडी थाळी. दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात.

ड्रमची एक गंमत आहे. फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो आणि तो शू आणखी घट्ट बसतो. दाराखाली पाचर मारली की दार जितके ढकलाल तितकी ती रुतते, तसेच. म्हणून कमी जोरात ड्रम जास्त पकडतो. हँडब्रेकही त्यात सोपा आणि स्वस्त बसतो. भरलेली गाडी चढावर उभी करायची तर हा गुण मोठा.

पण याच गुणात दोष आहे. ड्रम बंद असतो, आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. तापला की लायनरची पकड कमी होते, आणि पकड कमी झाली की पाचरीचा फायदाही जातो. शिवाय लोखंड तापले की फुगते. ड्रम फुगला की शूपासून लांब सरकतो, म्हणून पेडल खाली जाते. डिस्कची थाळी उघड्या हवेत फिरते, लवकर निवते, ओली झाली तरी पाणी झटकून टाकते. पॅड किती उरले ते चाकाच्या फटीतून बघता येते. ड्रम मात्र उघडल्याशिवाय सांगत नाही.

मग मागे ड्रम का?

गाडीने ब्रेक मारला की तुम्ही पुढे झुकता. गाडीचे वजनही तसेच पुढे झुकते. म्हणून थांबवण्याचे जास्त काम पुढची चाके करतात, आणि जिथे जास्त काम तिथे डिस्क दिली जाते. मागचे चाक, विशेषतः रिकाम्या पिकअपचे, हलके असते. त्याला जास्त ब्रेक लागला तर चाक जागेवर जाम होते, घसरते आणि गाडी आडवी फिरते. मागे डिस्क बसवली तरी हे चुकत नाही.

तेव्हा महिंद्राची बोलेरो पिकअप घ्या नाहीतर टाटाची योद्धा, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ही मांडणी फसवणूक नाही. कंपनीचा पैसा त्यात वाचतो, हेही खरे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

जगात काय चालले तेही ऐका. अमेरिकेत टोयोटाच्या टॅकोमा या मध्यम पिकअपला २०२३ च्या मॉडेलपर्यंत मागे ड्रमच होते, २०२४ च्या नव्या पिढीत डिस्क आल्या. उलट फोक्सवॅगनने २०२० साली आणलेल्या आयडी ३ या विजेच्या मोटारीला मागे मुद्दाम ड्रम दिले. विजेची गाडी पुष्कळशी मोटरच्याच जोरावर थांबते, मागच्या ब्रेकला काम कमी पडते, आणि काम न पडणारी उघडी थाळी गंजते. बंद ड्रम कमी गंजतो.

हे आम्हा खाडीकाठच्या लोकांना नवे नाही. खारट हवेत रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसतो. पुढची डिस्क दोन-चार ब्रेकमध्ये स्वच्छ होते. मागची डिस्क कमी घासते म्हणून तिच्यावर खड्डे पडत जातात. ड्रमवाल्या गाडीत मात्र हँडब्रेकची केबल गंजून अडकते. तुमच्याकडे मीठ नाही, पण धूळ आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्याचे तांब्याचे पॅड तेव्हाच्या धुळीच्या रस्त्यांवर भराभर झिजत. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनो याने ड्रम पुढे आणला, आणि पुढची पन्नास वर्षे ड्रमचे राज्य चालले. आजचे पॅड पुष्कळ टिकाऊ आहेत. तरी काळ्या मातीचा चिखल आणि धूळ आतल्या लायनरपर्यंत सहज जात नाही, हा बंद ड्रमचा फायदा आजही आहे. मात्र ओढ्याचे पाणी आत गेले की तेही लवकर बाहेर पडत नाही. म्हणून ओढा ओलांडल्यावर थोडे अंतर गाडी सावकाश चालवत ब्रेक हलका दाबून ठेवावा. घासून उष्णता झाली की लायनर सुकते.

खरा हिशेब वजनाचा

शेतकऱ्याने हिशेब केला पाहिजे असे आपण नेहमी म्हणतो. ब्रेकचाही हिशेब असतो.

गाडी आणि माल मिळून ३ टन धरा. ३०० मीटर खोल घाट उतरायचा आहे. उतरण्याची सगळी ताकद ब्रेकनेच खायची ठरवली, तर जी उष्णता तयार होते तिच्यावर साधारण २८ लिटर पाणी उकळेल. ताशी ६० किलोमीटरच्या वेगातून तीच गाडी लागोपाठ २१ वेळा थांबवण्याइतके ते काम आहे. त्याच गाडीत आणखी १ टन टाका, पाणी ३७ लिटरवर जाते. ब्रेकचा आकार मात्र तोच राहतो. आणि वेग दुप्पट झाला की थांबवण्याचे काम चौपट होते.

ज्वारीची १०० किलोची पोती असतील तर १७ पोत्यांत १,७०० किलो भरतात. गाडी अर्धी रिकामी दिसते, म्हणून आणखी सात-आठ पोती चढतात. कापसाचे उलट. वजन त्या मानाने कमी, पण ढीग उंच. उंच ढिगाची गाडी ब्रेक मारताच जास्त पुढे झुकते, मागचे चाक आणखी हलके होते आणि वळणावर ती कलंडू बघते. म्हणजे ज्वारी ब्रेक तापवते आणि कापूस तोल बिघडवतो. त्या कापसाच्या ढिगावर वेचणीच्या बाया आणि पोरे बसलेली असतात. ब्रेकची गोष्ट त्यांच्या जिवाची गोष्ट आहे.

कोणी हौसेने जास्त माल भरत नाही. दुसऱ्या खेपेचे भाडे मालाच्या पैशातून निघत नाही म्हणून भरतो. पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहेत. घाटात गाडी गेली तर त्याचा हिशेब कोणत्याच वहीत मांडता येणार नाही.

जादा पाट्याचा धोका

आता एक गोष्ट नीट ऐका. जास्त माल भरता यावा म्हणून आपण मागे जादा पाटा टाकून घेतो. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. माल भरला की गाडी मागे बसते, दांडी हलते आणि व्हॉल्व्हला कळते की वजन आहे, मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडा. जादा पाटा टाकला की भरलेली गाडीही मागे बसत नाही. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे. तो मागचा दाब कमीच ठेवतो. म्हणजे माल वाढला आणि मागचा ब्रेक घटला! मग सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो, ती तापते आणि दोष कंपनीच्या ड्रमला दिला जातो. काही ठिकाणी तर ती दांडी तारेने बांधून टाकतात. तसे केले की रिकामी गाडी पावसात घसरलीच म्हणून समजा.

मागे डिस्क बसवून देणारेही भेटतात. त्या भानगडीत पडू नका. पुढच्या-मागच्या ब्रेकचे प्रमाण बिघडते, हँडब्रेकची पंचाईत होते, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा मनमानी बदल चालत नाही. त्याच पैशात दहा वर्षे लायनर आणि ब्रेक ऑइल बदलता येईल.

काय करायचे

वर्षातून दोनदा ड्रम उघडा. एकदा मृगाच्या आधी, एकदा दसऱ्याला, वेचणीचा माल निघण्याआधी. लायनर किती उरले, चाकातल्या सिलिंडरमधून ऑइल पाझरते का, ते समोर उभे राहून बघा. ऑइल लागलेले लायनर धुऊन परत बसवू नका, दोन्ही चाकांचे बदला. आतली धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, ते फुप्फुसात गेले की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. ते हवेतले पाणी ओढून घेते. नवे डॉट ३ ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात ऑइल उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल सरळ तळाला जाते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. डब्यावर जे लिहिले आहे तेच वापरा. इंजिन ऑइल चुकूनही टाकू नका, आतले रबर फुगून निकामी होते.

आणि घाटात गाडी न्यूट्रल करू नका. बैलगाडी उताराला लागली की बैल अंग मागे रेटून गाडी पेलतात. पिकअपमध्ये ते काम गिअर करतो. दुसरा गिअर टाकला की उताराचा मोठा वाटा इंजिन खाते. डिझेल वाचवायला इंजिन बंद करणारा बैल सोडून गाडी उतरवतो आहे. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी हवेची मदत दोन-चार दाबांत संपते. मग ड्रम काय आणि डिस्क काय, पाय दुखेपर्यंत दाबा.

नवी गाडी घेणार असाल तर विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा : मंजूर वजन किती, वजनाप्रमाणे ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह आहे का, आणि चाक जाम होऊ न देणारे एबीएस आहे का. मागे ड्रम की डिस्क हा प्रश्न त्यानंतरचा. रोज घाट आणि भरलेली गाडी असेल आणि तुमच्या वजनाच्या गाडीत मागे डिस्क परवडत असेल तर जरूर घ्या. शेत ते जिनिंग, शेत ते बाजार समिती अशा सपाटीच्या कामाला चांगला राखलेला ड्रम पुरेसा आहे.

या दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालाल. त्याआधी तिची मागची दोन चाके काढून बघा, एवढेच मागणे आहे.