अमेरिकेची लढाई आणि आपला कापूस

(वर्तकनगर, ठाणे येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



परराष्ट्रांचे राजकारण हा दिल्लीतील मोठ्या लोकांचा विषय, त्याच्याशी नांगर धरणाऱ्याचा व माग चालवणाऱ्याचा काय संबंध, असे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवण्यात आले. ते खोटे आहे. आज आम्ही तुमच्यापुढे दोन हिशेब ठेवतो. एक जुना आहे, दुसरा सन २०२५ चा. दोहोंत माल एकच, कापूस.

पहिला हिशेब ऐका. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली आगगाडी याच ठाण्यास येऊन थांबली. ती काय आपल्या सोयीकरिता घातली होती? तिच्यामागे मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा लकडा होता. त्यांना देशावरचा व वऱ्हाडातला कापूस बंदरावर हवा होता. पुढे १८६१ साली अमेरिकेत उत्तर व दक्षिण यांचे आपसांत युद्ध जुंपले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली. विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मुंबईत कापसाचा भाव तिपटीच्या वर गेला. शेटसावकार गबर झाले. सावकाराने खेड्यापाड्यांत मोकळ्या हाताने कर्ज वाटले, कुणब्याने त्यावर अंगठे उठवले.

१८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळला. सावकाराने हात आखडला, व्याज मात्र आखडले नाही. इतक्यावर न थांबता सरकारने तेजीचे भाव पाहून नव्या जमाबंदीत शेतसारा वाढवला. अखेर १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यात सुपे येथे, भर बाजाराच्या दिवशी, लोक उठले. पुणे व नगर जिल्ह्यांत गावोगाव कर्जरोखे जाळले गेले. मग सरकारने चौकशीस कमिशन नेमले व १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जासाठी कायदा केला. लढाई अमेरिकेत झाली, नफा मुंबईत राहिला, आणि हातात बेड्या पडल्या त्या कुणब्याच्या!

कोणी म्हणेल, तेव्हा राज्य परक्याचे होते, आता आपले आहे. ठीक. मग दुसरा हिशेब पाहा. ७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने आपल्या मालावर २५ टक्के जादा जकात बसवली. रशियाचे तेल घेता म्हणून २७ ऑगस्टपासून ती ५० टक्के केली. कापडाचे कारखानदार अडचणीत आले. त्यांस कापूस स्वस्त मिळावा म्हणून दिल्ली सरकारने १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरील ११ टक्के आयात जकात माफ केली. ही माफी आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली.

हे महिने कोणते, ते कापूसवाल्यास सांगावयास नको. दसरा-दिवाळीस वेचणी होते, कापूस घरात येतो, आणि नेमकी तेव्हाच परदेशी गाठींस वाट मोकळी. त्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्यास क्विंटलला ८,११० रुपये होता. पण सरकारी खरेदीस मोबाईलवर नोंदणी पाहिजे, आणि ओल बारा टक्क्यांवर गेली की माल परत. ज्याच्या दारात देणेकरी उभा आहे त्याने कोठवर थांबावे? तो व्यापाऱ्यास पडेल त्या भावाने देतो.

भिवंडीच्या मागवाल्याने महाग सूत घ्यावे, असे आमचे म्हणणे नाही. तोही कष्टकरी आहे, त्याचेही पोट त्या मागावरच आहे. शेतकरी व विणकर यांस एकमेकांविरुद्ध उभे करणे हीच जुनी चाल आहे, तिला भुलू नका. आमचे म्हणणे इतकेच की, दोन सरकारांच्या भांडणाचा बोजा देशावर पडतो, तर तो सर्वांनी वाटून घ्यावा. एकट्या शेतकऱ्याच्या पाठीवर का? ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत उघडली नाही. कांद्यास भाव येतो तेव्हा निर्यात बंद, कापूस घरात येतो तेव्हा आयात मोकळी! हा कोणता न्याय?

तर मग काय करावे? तुमच्यापैकी पुष्कळांची शेती अजून गावी आहे, भाऊबंद ती कसतात. त्यांस कळवा की, विकलेल्या मालाची पट्टी फेकू नका, जपून ठेवा. जकातीची व कराराची बातमी शाळेत जाणाऱ्या मुलीकडून घरात मोठ्याने वाचून घ्या. आणि खासदार मते मागावयास येईल तेव्हा त्यास विचारा : जकात माफ केलीत, तर शेतकऱ्याच्या भावातली तूट सरकारी तिजोरीतून का भरली नाही? परदेशाशी करार करण्यापूर्वी आम्हांस का विचारले नाही?

सुप्याच्या लोकांनी कागद जाळले. त्यांतील बहुतेकांस ते वाचता येत नव्हते, नुसता अंगठा उठवणे एवढेच त्यांच्या हाती होते. आज आपल्या घरात अक्षर आले आहे. आपण कागद जाळावयाचे नाहीत. वाचावयाचे, आणि जाब मागावयाचा.