एका किलोमीटरचं वर्तुळ



शिक्षण हक्क कायद्यावर आज बोलायचं तर सुरुवात ९ फेब्रुवारी २०२४ पासून करावी लागते. त्या दिवशी राज्य सरकारने अधिसूचना काढली: खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेने वंचित आणि दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवण्याची गरज नाही. आपल्या सोलापुरात याचा अर्थ काय होतो? महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, तेलुगू, कन्नड अशा निरनिराळ्या माध्यमांच्या. शिवाय पेठापेठांत अनुदानित शाळा. एका किलोमीटरच्या वर्तुळात यांपैकी एकही येत नाही अशी खासगी शाळा शोधूनच काढावी लागेल. नियम लिहिला होता सवलतीचा. प्रत्यक्षात त्याने २५ टक्क्यांचं कलमच गुंडाळून ठेवलं असतं. ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, १९ जुलैला तो रद्द केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात हस्तक्षेप करायला नकार दिला. प्रकरण मिटलं, असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. नियम गेला, पण ज्या विचारातून तो आला तो शाबूत आहे, आणि या सभागृहातल्याही पुष्कळांना तो मनातून पटतो.

तो विचार असा की मुलाला कुठलीतरी शाळा मिळाली म्हणजे हक्क पुरा झाला. या हक्काचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ती अमलात आणली आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तेव्हा सक्ती पालकावर होती. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने ती सरकारवर आणि शाळेवरही आणली. त्यातलं कलम १२(१)(सी) खासगी शाळेने पहिलीत किमान २५ टक्के मुलं या घटकांतली घ्यावीत असं सांगतं. जवळपास दुसरी शाळा नसेल तर, अशी अट त्यात नाही. संसदेने जी अट घातली नाही, ती मंत्रालयातल्या नियमाने घालता येत नाही. उच्च न्यायालयाच्या निकालाचं सारही हेच. यावर कुणी म्हणेल, कर्नाटकाने २०१९ मध्ये असाच नियम केला आणि तिथल्या उच्च न्यायालयात तो टिकला. खरं आहे. अक्कलकोट ओलांडून पलीकडे गेलं की त्याच केंद्रीय कायद्याचं तेच कलम निराळं वाचलं गेलं. पण कलमाच्या शब्दांत जे नाही ते वाचणारा अर्थ दुबळाच, मग तो सरहद्दीच्या कुठल्याही बाजूचा असो.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र कायद्याचा नाही. सरकारी शाळांचा पट घसरतोय, तुकड्या बंद पडताहेत, आणि तिकडे सरकार आपलेच पैसे देऊन मुलं खासगी शाळेत पाठवतंय, हे कुठलं शहाणपण? हा प्रश्न विचारणारे बहुतेकजण जिल्हा परिषदेच्या शाळेवर जीव लावणारे असतात. याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा सरकारी शाळेत काय होऊ शकतं हे जगाने पाहिलं. म्हणूनच सरकारच्या हेतूची परीक्षा त्याच्याच कागदांवर करू. फेब्रुवारीत गरिबाच्या मुलांना आमच्याच शाळेत या म्हणणाऱ्या सरकारने १५ मार्च २०२४ रोजी संचमान्यतेचे, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचे, नवे निकष काढले. सहावी ते आठवीच्या वर्गांचा पट वीसच्या खाली गेला की तिथे मंजूर शिक्षक शून्य. एकीकडे मुलं आपल्या शाळेकडे वळवायची आणि पाच आठवड्यांनी त्याच शाळेतला शिक्षक काढायचा! पालकांना हे समजावून सांगावं लागत नाही. नव्या नियमाखाली एप्रिलमध्ये सरकारी शाळांसह लाखो जागा खुल्या झाल्या, पण अर्ज सत्तर हजारांच्या घरातच राहिले. स्थगितीनंतर जुन्या पद्धतीने लाखभर जागांसाठी अर्ज मागवले, तेव्हा ते दोन लाखांच्या वर गेले. शेजारचं दार बंद करून आपलं घर भरत नाही.

संस्थाचालकांची तक्रार मी हलकी मानत नाही. कलम १२(२) प्रमाणे सरकारचा दर मुलामागचा खर्च किंवा शाळेची फी, यांतली कमी असेल ती रक्कम शाळेला मिळायची असते. राज्याने ती वर्षाला कमाल १७,६७० रुपये धरली, करोनाच्या वर्षात ८,००० वर आणली, आणि ठरलेले पैसेही वर्षानुवर्षं थकवले. लहान गावातल्या मध्यम शाळेला हे परवडत नाही, हे हिशेबाची वही न उघडताही कळतं. तरीही देणेकरी सरकार आहे, पहिलीतलं मूल नव्हे. ही थकबाकी सहलीच्या, गणवेशाच्या, निरनिराळ्या उपक्रमांच्या नावाखाली पालकाकडून वसूल करणं हा दुसरा अन्याय होतो.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं आहे त्यांच्याकडे पाहू. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते, यंत्रमाग कामगाराची कापडावर. दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख, म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. नवरा-बायको दोघंही कामाला असलेलं घर ही रेषा सहज ओलांडतं आणि तरीही गरीबच राहतं. कुंभारीच्या रे नगरात १९ जानेवारी २०२४ रोजी १५,००० कष्टकरी कुटुंबांसाठी घरांचं लोकार्पण झालं. शहराबाहेरच्या त्या वसाहतीतून ऑनलाइन अर्ज भरताना नकाशावर घराची खूण करायची, आणि तीन किलोमीटरच्या आत कुठली शाळा येते ते पाहायचं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, वर्गात इंग्रजी, अशा मुलाला खासगी शाळेत कोंडल्यासारखं होतं, असं काहीजण कळवळून सांगतात. होत असेलही. त्यावर इलाज त्या वर्गातल्या शिक्षकाच्या हाती आहे. मूल वर्गाबाहेर ठेवणं हा इलाज नव्हे. आणि २०२४ साली प्रवेशाच्या सोडतीची यादी जुलैच्या उत्तरार्धात लागली, शाळा जूनमध्येच सुरू झालेल्या. जे मूल वर्ग महिनाभर पुढे गेल्यावर येतं, त्याला परकं वाटण्याचं कारण भाषेआधी त्या तारखेतच शोधावं.

दुपारच्या सत्रात ठरावाचा मसुदा येईल. त्यात तीन गोष्टी असाव्यात असं मी सुचवतो: प्रवेशाची सगळी प्रक्रिया मे अखेर संपावी, उत्पन्नाची मर्यादा वाढवून दरवर्षी महागाईशी जोडावी, आणि शाळांचे पैसे ठरलेल्या तारखेला न मिळाल्यास सरकारने त्यावर व्याज द्यावं. तिसऱ्या मागणीला संस्थाचालक टाळ्या देतील, दुसरीला पालक. पहिलीवर मात्र दोघांनीही सह्या केल्याशिवाय मसुदा मंत्रालयात पाठवू नये.