गोचीड आणि घरचा कुत्रा

नांदेड जिल्ह्यांत लोहा तालुक्यांतील माळेगांव येथें मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवें, उंट आणि लाल कंधारी गुरें यांच्याबरोबर तेथें कुत्र्यांचेंही प्रदर्शन असतें. आणि खंडोबापाशीं कुत्रा हवाच, हें आपणांस सांगावयास नको. आखूड केंसांचा कारवान आणि कानांवर, पायांवर व शेपटीवर रेशमासारखे लांब केंस असलेला पश्मी हे लातूर-नांदेडकडील शिकारी कुत्रे पाहण्यास लोक मुद्दाम थांबतात. अशा जातीचें एखादें पिलूं हौसेनें शहरांत आणलें जातें, मुलांचें लाडकें होतें, आणि कांहीं महिन्यांनीं त्याच्या कानांत एरंडाच्या बीसारखा एक करडा दाणा लोंबतांना दिसतो. तोच गोचीड. एरंडाच्या बीशीं त्याचें साम्य इतकें आहे कीं, एरंडाचें शास्त्रीय नांव जें रिसिनस, त्याचा लॅटिन भाषेंतील मूळ अर्थच गोचीड असा आहे.

या दाण्यास क्षुल्लक समजूं नये. रक्त पितो हा त्याचा लहान अपराध. रक्तांत रोग सोडतो हा मोठा. मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तांत तांबड्या पेशी फोडणारा एक जंतु १९१० सालीं पॅटन या संशोधकानें वर्णिला. पुढें १९३५ सालीं अल्जीरियांत कुत्र्यांच्या पांढऱ्या पेशींत राहणारा दुसरा जंतु आढळला. हे दोन्ही गोचिडांच्या दंशावाटें पसरतात आणि आज आपल्याकडेही कुत्र्यांचे बळी घेतात. कुत्रा अन्नाला तोंड लावीत नाहीं, अंग तापतें, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते, क्वचित् नाकांतून रक्त येतें. उन्हाळ्याची मरगळ म्हणून घरची मंडळी चार दिवस वाट पाहतात, आणि तेच चार दिवस महाग पडतात.

आतां या शत्रूची रीत पाहूं. घरच्या कुत्र्यावर बहुधा आढळतो तो तपकिरी गोचीड. अंड्यांतून सहा पायांचें सूक्ष्म पिलूं निघतें. तें रक्त पिऊन खालीं उतरतें, कात टाकतें व आठ पायांचें होतें. पुन्हा कुत्र्यावर चढतें, पुन्हा उतरून कात टाकतें, आणि मग प्रौढ होऊन तिसऱ्यांदा चढतें. तिसऱ्या खेपेस पोट भरलेली मादी उतरते ती अंडीं घालण्यासाठीं, आणि एका मादीचीं अंडीं तीनचार हजारांपर्यंत भरूं शकतात. या गोचिडाला उंच चढण्याची खोड आहे. त्यामुळें अंडीं केवळ जमिनीच्या भेगांत नव्हे, तर भिंतीच्या पोपड्यांत, दाराच्या चौकटीमागें, छताच्या कडेलाही सांपडतात. माळवदी वाड्यांतील दगडमातीच्या भिंती त्याला फार सोईच्या; परंतु सिमेंटच्या घरांतही एक फट त्यास पुरते. प्रौढ गोचीड तेथें कित्येक महिने उपाशीं राहूं शकतो.

तात्पर्य, आपल्याला कुत्र्यावर दिसतात ते गोचीड म्हणजे शिबंदीपैकीं थोडे शिपाई. बाकीचें सैन्य भिंतींत आहे. कुत्र्याला कांहींतरी चोळावें आणि भिंत तशीच सोडावी, हीच सर्वत्र होणारी चूक होय. घरगुती उपायांना अपयश येतें तें बहुधा यामुळेंच.

म्हणून पहिला उपाय हाताचा. रोज संध्याकाळीं कुत्र्याचें अंग केंसांच्या उलट दिशेनें चांचपावें: कानांच्या आंत, गळपट्ट्याखालीं, काखेंत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशीं. पश्मीसारख्या लांब केंसांच्या कुत्र्यास बारीक दांतांची फणी हवीच. गोचीड सांपडल्यास चिमट्यानें कातडीच्या अगदीं लगत धरून सरळ, सावकाश ओढावा आणि साबणाच्या पाण्यांत टाकावा. बोटांनीं चिरडूं नये. त्याच्या अंगांतील जंतु आपल्या हाताच्या जखमेंत जाण्याचें भय असतें. विडीचा चटका किंवा रॉकेलचा बोळाही लावूं नये. त्यानें कुत्र्याची कातडी मात्र पोळते.

दुसरा उपाय घराचा. भेगा बुजवाव्या, भिंतींना चुना द्यावा, कुत्र्याचें अंथरूण दर आठवड्यास कढत पाण्यांत धुऊन कडक उन्हांत टाकावें. मराठवाड्याचें ऊन इतर वेळीं तापदायक असलें तरी या कामीं तें फुकटचें औषध आहे. हा क्रम एकदां करून भागत नाहीं. लपलेलीं अंडीं मागाहून फुटतात, म्हणून तो निदान तीन महिने चालवावा.

तिसरा उपाय निंबाचा. मे ते जुलैमध्यें निंबोळ्या पिकून झाडाखालीं पडतात. त्या सावलींत वाळवून ठेवाव्या. सुमारें ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड १ लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून सकाळीं फडक्यांतून गाळावी. शेतकरी पिकांवर फवारतात तोच हा अर्क. निंबोळींतील अझाडिरॅक्टीन हें द्रव्य १९६८ सालीं वेगळें काढण्यांत आलें. त्यानें किडीच्या कात टाकण्यांत व वाढींत विघ्न येतें. गोचीड कोळ्याच्या कुळांतला असला तरी निंबाचा परिणाम त्यावरही होतो, मात्र सावकाश. कात तो भिंतींत टाकतो हें ध्यानांत घेतलें म्हणजे निंबाची खरी जागा कोणती तें कळेल. अर्क भिंतींवर, फटींत व अंथरुणाभोंवतीं ताजाच फवारावा. कुत्र्याच्या अंगावर लावावयाचा झाल्यास आधीं लहानशा जागीं लावून एक दिवस पाहावें. डोळे व तोंड जपावें. लहान पिलांना तो लावूं नये.

नैसर्गिक तें निरुपद्रवी, असा समज मात्र सोडावा. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर वापरतात. तीच डोळ्यांत गेल्यास बुबुळास इजा करते. तंबाखूचें पाणी आणि कापूर कुत्र्यानें चाटल्यास विषासारखे बाधतात. लसूण खाऊं घातल्यानें गोचीड पळतात असें सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु लसणानें कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नाश पावतात, म्हणजे जें काम गोचिडाचा जंतु करतो तेंच आपण आपल्या हातानें करावयाचें!

आणि ताप दिसल्यावर निंबाच्या भरंवशावर बसूं नये. रक्तांत शिरलेल्या जंतूस बाहेरचा अर्क पोहोंचत नाहीं. तेथें रक्ताची तपासणी व वैद्याचें औषधच हवें. उदगीर येथें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गांवोगांवीं सरकारी दवाखाने आहेत; तेथें वेळींच जावें. महिना-तीन महिने गोचिडांपासून रक्षण करणाऱ्या गोळ्याही आतां मिळतात. त्या वैद्याच्या सल्ल्यानें देण्यांत कमीपणा नाहीं.

श्रोतेहो, कुत्रा रात्रभर आपलें दार राखतो. त्याला आपल्या दुखण्याचें नांव सांगतां येत नाहीं, आणि भिंतींतल्या शत्रूपुढें त्याचे दांत चालत नाहींत. तें काम आपलें आहे. आजच संध्याकाळीं त्याचा कान उलटून पाहा, आणि मग तो जेथें निजतो तेथील भिंतही पाहा.